उलट्या छत्रीची लामयाय

लामयाय मावशीने आयुष्यात कुणाच्या हातातून कधी काही घेतलं नाही, आणि हवेतून येणारं कधी काही सोडलं नाही. आमच्या थुंगबुआ गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील.

वर्षावासाआधीचे दोन-अडीच महिने आमच्याकडे दीक्षांचा हंगाम असतो. दर रविवारी कुणाचा ना कुणाचा मुलगा डोकं भादरून, पांढरी वस्त्रं नेसून भिक्खू व्हायला निघतो. मुंडण झाल्यापासून अंगावर चीवर चढेपर्यंत त्याला सगळे 'नाग' म्हणतात. पुढे लांब ढोल, मागे नाचणाऱ्या आत्या-मावश्या, विहाराला तीन प्रदक्षिणा, आणि आत पाऊल टाकण्याआधी नाग पायरीवर उभा राहून नाणी उधळतो. एकेका बाटची नाणी, रंगीत रिबिनीत गुंडाळलेली. संसारी माणूस म्हणून ते त्याचं शेवटचं दान. मग खाली जी झुंबड उडते ती काय सांगावी! सून सासूच्या अंगावर पडते, पोस्टमास्तर फुलाच्या कुंडीत बसतात, आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध एक फुलाफुलांची छत्री उघडून उलटी धरलेली दिसते. त्या छत्रीच्या दांड्याला धरून बासष्ट वर्षांची लामयाय उड्या मारत असते.

या कामाचं तिचं शास्त्र होतं, आणि ते ती कुणालाही न विचारता शिकवायची.

"नाग घाबरलेला असतो," ती सांगायची. "घाबरलेला माणूस पहिली मूठ पायाशीच टाकतो. तेव्हा पुढे राहायचं. दुसरी मूठ तो जोरात फेकतो, तेव्हा मागं पळायचं. आणि तिसऱ्या मुठीला त्याला आपली मैत्रीण कुठं उभी आहे ते दिसतं. तिसऱ्या मुठीला त्या पोरीला चिकटायचं."

एकदा शाळेच्या मोठ्या बाई आणि लामयाय यांनी एकच नाणं एकाच वेळी धरलं. रिबिनीचा बेडूक होता तो. बाई सोडेनात, लामयाय सोडेना. बेडूक उसवत उसवत गेला आणि शेवटी बाईंच्या हातात सुतळीएवढी रिबीन आणि लामयायच्या हातात नाणं राहिलं. बाईंनी त्यानंतर सहा महिने तिच्याकडे पाहिलं नाही. लामयायला ते सहा महिन्यांनी कळलं.

मजा अशी की तो बेडूकही तिनेच केलेला होता. रिबिनी गुंडाळणं हा तिचा धंदा. खांबांवर उभ्या घराखालच्या गार सावलीत चटई टाकून, रेडिओ लावून ती बसायची आणि तिची बोटं आपोआप चालायची. गुलाब, अननस, कोळंबी, चांदणी, बेडूक. पंचक्रोशीतल्या निम्म्या दीक्षांची नाणी तिच्या हातची असत. शुक्रवारी ती नाणी गुंडाळायची आणि रविवारी तीच झेलायला छत्री घेऊन हजर. शेजारीण प्रयोंग तिची जोडीदार. तीही झेलायची, पण नुसत्या टोपीत, आणि त्यामुळे कायम मागे पडायची.

"अगं, लाज कशी वाटत नाही तुला?" प्रयोंग कॉफीच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणायची. "लोक दान करून पुण्य मिळवतात आणि तू त्यांच्या दानावर डल्ला मारतेस."

"डल्ला?" लामयाय कॉफीचा पेला खाली ठेवायची. "झेलायला कुणी नसलं तर ते दान नव्हे बाई, ते सांडणं. मी आहे म्हणून त्यांचं दान होतंय. उलट मलाच पुण्य लागतंय."

यावर टपरीत दोन तट पडले. दान कशाला म्हणायचं? देणाऱ्याने दिलं की झालं, की घेणाऱ्याने घ्यावंही लागतं? बर्फाच्या गोळ्यावर पैज लागली आणि प्रकरण थेट विहाराच्या मोठ्या भंतेजींपर्यंत गेलं. भंतेजी ऐंशीचे, ऐकायला कमी, हसायला तयार. ते म्हणाले, "दान म्हणजे हातातून सुटलेलं. ते कुणाला मिळालं हे ज्याला विचारावंसं वाटतं, त्याच्या हातातून ते अजून सुटलेलं नाही." पैज कोण जिंकलं ते कुणालाच कळलं नाही, पण लामयाय मात्र खूश झाली. तिला नेमकं हेच म्हणायचं होतं, फक्त तिला ते इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

त्यामागे एक कारण होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा कालव्यात होडी उलटून गेला. पदरात बारा वर्षांचा मुलगा. तेव्हा ज्याने त्याने दिलं, आणि ज्याने दिलं त्याने चारचौघांत बोलूनही दाखवलं. दिराने तांदळाचं पोतं दिलं आणि पुढची चार वर्षं तिच्या घरी जेवायला बसला की म्हणायचा, "भात छान झालाय, तांदूळ कुणाचा?" चुलतसासूने जुनं शिवणयंत्र नुसतं दाखवलं, दिलं नाही, तरी ऐकवलं. तेव्हापासून लामयायने ठरवलं की हाताने दिलेलं घ्यायचं नाही. हाताने दिलेल्याला देणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. उधळलेल्याला कुणाचं नाव नसतं. ते आकाशातून पडतं आणि ज्याच्या छत्रीत पडेल त्याचं. झेललेल्या नाण्यांतलं एक ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे तांदूळ सरत नाही. बाकीची कुणाच्या आजारपणात, कुणाच्या बाळाच्या उशाशी ठेवून यायची. पण कुणी तिच्या हातावर साधं केळं ठेवलं तरी संध्याकाळच्या आत त्या घरी दोन केळी पोचलेली असत.

हा नियम जगाला होता, तसाच तिच्या मुलालाही होता, आणि तिथेच सगळं अडत होतं.

मुलाचं नाव जुक. बर्फाच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा. लादीच्या लादी खांद्यावर घेऊन खांदे दाराएवढे झालेले, आवाज मात्र अगदी हळू. पहिल्या पगारात त्याने आईला घड्याळ आणलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, छान आहे म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत करून पैसे त्याच्या खिशात घातले. मग पंखा आणला. परत गेला. सणासाठी बायका नेसतात तशी जरीकाठी लुंगी आणली. परत. मागल्या वर्षी कपडे धुवायचं यंत्र आणलं, तर ज्या टेम्पोतून आलं त्याच टेम्पोतून ते गेलं. टेम्पोवाल्याने दोन्ही वेळचं भाडं घेतलं आणि वर आशीर्वाद दिला.

"मला काय कमी आहे रे?" लामयाय दर वेळी म्हणायची. "तुझं तुला ठेव."

जुक नुसता खालचा ओठ आत घ्यायचा आणि ट्रक धुवायला जायचा. तिला वाटायचं, पोरगं समजूतदार आहे.

आमच्याकडे दीक्षा न घेतलेल्या पुरुषाला 'कच्चा' म्हणतात. जुक अडतिसाव्या वर्षापर्यंत कच्चाच राहिला. दर उन्हाळ्यात बर्फाला मागणी, दर उन्हाळ्यात मालक म्हणायचा पुढच्या वर्षी जा. मग या वर्षी फाल्गुनात तो घरी आला, ट्रकची किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाला, "आई, पंधरा दिवसांची रजा मिळाली. ज्येष्ठातल्या दुसऱ्या रविवारी दीक्षा घेतो. भंतेजींना सांगून आलोय."

लामयाय चटईवरून उठली आणि नाचली. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, तरी नाचली. मुलाच्या चिवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते असं आमच्याकडे मानतात, आणि ती तर आता स्वर्गाच्या वाहनतळापर्यंत पोचलीच होती.

"पण एक अट आहे," जुक म्हणाला.

"बोल बाबा, दहा बोल."

"तू झेलायचं नाहीस."

लामयाय एका पायावर थांबली.

"तू नागाची आई असणार. तुझ्या हातात माझं चीवर असणार. लोक फोटो काढणार. तू छत्री घेऊन माझ्या पायाशी लोळायला लागलीस तर मी तसाच मुंडण केलेला घरी निघून येईन, सांगतो."

"मी कशाला झेलीन? मला काय वेड लागलंय?"

"आई."

"बरं बाबा. शब्द दिला. नाही झेलणार."

पण खरी गंमत पुढेच होती. त्याच सुमाराला शेजारच्या नोंगफाय गावच्या गिरणीवाल्यांची सून गाडीतून उतरली. घरात दीक्षा आहे, नाणी गुंडाळून हवीत, आणि अशी हवीत की लोकांनी नाव काढलं पाहिजे. काहींच्या आत बक्षिसांच्या चिठ्ठ्या घालायच्या: पंखा, भात शिजवायचं भांडं, सायकल आणि एका चिठ्ठीवर सोन्याची साखळी. लामयायच्या बोटांना असं काम जन्मात मिळालं नव्हतं. तिने मोर केले. तिने कमळं केली, मिटलेली वेगळी आणि उमललेली वेगळी. सोन्याच्या चिठ्ठीसाठी तिने शेपटी हलणारा मासा केला. आणि एवढं करून गप्प बसेल तर ती लामयाय कसली! टपरीवर, बाजारात, पाण्याच्या नळावर, दोन महिने तिचा एकच विषय.

"गिरणीवाल्यांच्या उधळणीला जो जाणार नाही तो मूर्ख," ती सांगायची. "मी स्वतः सोनं गुंडाळलंय! कशात ते सांगणार नाही. जीभ कापली तरी नाही. पण मासे सोडू नका."

पोतंभर नाणी गिरणीवाल्यांचा माणूस घेऊन गेला. मग लामयायने जुकची नाणी गुंडाळायला घेतली, आणि तेव्हाच गिरणीवाल्यांच्या आमंत्रणाचं गुलाबी कार्ड आलं. तिने ते चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं आणि मग प्रयोंगला हाक मारली.

"प्रयोंग, ज्येष्ठातला दुसरा रविवार म्हणजे कुठला गं?"

"जुकचा."

"आणि सकाळी नऊ म्हणजे?"

"म्हणजे नऊ. काय झालं?" प्रयोंगने कार्ड ओढून घेतलं आणि वाचता वाचता तिचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बये! तू तारीख विचारली नव्हतीस?"

लामयायने तारीख विचारली नव्हती. तिने रंग विचारले होते.

आता बदलायचं म्हटलं तर जुकची रजा ठरलेली, भंतेजींचा दिवस ठरलेला. लोकांना सांगायचं म्हटलं तर काय सांगणार? दोन महिने घसा कोरडा करून जे सांगितलं ते खोटं होतं म्हणून? आणि लामयाय तर 'या हो' म्हणायलाही कचरत होती, कारण कुणी उपकार म्हणून आलं तर ते तिला चालणार नव्हतं. प्रयोंगचीच पंचाईत झाली. ती दाराशी येऊन टोपी हातात फिरवत उभी राहिली.

"मी काय म्हणते, ते सोनं..."

"जा," लामयाय म्हणाली. "मी तुला अडवलंय का? जा की."

"तू म्हणशील तर थांबते."

"मी कशाला म्हणू? जा म्हटलं ना!"

प्रयोंग गेली.

रविवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. जुकला प्रथेप्रमाणे खांद्यावर घ्यायचं होतं. चार मावसभावांनी त्याला उचलला, चार पावलं चालले आणि खाली ठेवला. मग तो ट्रकच्या मागे खुर्ची टाकून बसला, डोक्यावर छत्र, अंगावर पांढरी जाळीची वस्त्रं, आणि ट्रक तोच, बर्फाचा. तळातून अजून थेंब गळत होते. ढोलवाले सहा यायचे होते, तीन आले. बाकीचे तीन नोंगफायला. पण तीन ढोल काय कमी वाजतात? लामयाय पुढे चालली होती, हातात चिवराची घडी, खांद्यावर जांभळी रेशमी ओढणी, आणि कंबर आपोआप हलत होती. एवढी खूश ती लग्नातही नव्हती. विहाराला पहिली प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. तिसऱ्या प्रदक्षिणेच्या शेवटी ती वळली आणि तिने अंगणाकडे पाहिलं.

अंगणात नऊ माणसं होती. त्यांतली सहा खुर्च्यांवर. एक आजी डोळ्यांवर हात धरून विचारत होती, "नाग कुठला म्हणायचा?" मंडपात तांदळाच्या शेवयांचं आणि हिरव्या कालवणाचं पातेलं शंभर जणांना पुरेल एवढं भरलेलं होतं. लांबून, भातखाचरांच्या पलीकडून, नोंगफायचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. तिथे लोक ओरडत होते. हजारो लोक ओरडत असावेत.

जुक पायरीवर चढला. नाण्यांचं वाडगं धरलं. पहिली मूठ उधळली.

नाणी सिमेंटवर पडली आणि खणखणली. लामयायने एवढ्या वर्षांत हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. झुंबडीत तो ऐकूच येत नाही. एका म्हाताऱ्याने काठीने एक अननस जवळ ओढला, पण वाकता येईना, म्हणून तो तसाच बघत राहिला. दुसरी मूठ. पुन्हा खणखणाट. गुलाब, कोळंब्या, चांदण्या सिमेंटवर पडून राहिल्या, कुणी उचलेना.

लामयायच्या तळपायांना मुंग्या आल्या. चीवर तिने छातीशी घट्ट धरलं. शब्द दिलाय, ती स्वतःला बजावत होती, शब्द दिलाय.

मग तिने जुककडे पाहिलं. तिसरी मूठ त्याच्या हातात होती आणि ती तो उधळत नव्हता. त्याने खालचा ओठ आत घेतला होता.

तो ओठ ती सव्वीस वर्षं बघत आली होती. घड्याळ परत केलं तेव्हा तो असाच होता. पंख्याच्या वेळी, लुंगीच्या वेळी, टेम्पो वळून निघाला तेव्हाही. ती त्याला समजूतदारपणा समजली होती. आज तिला कळलं की तो चेहरा दान सांडल्याचा होता. देणारा हातात घेऊन उभा होता आणि झेलणारं कुणी नव्हतं, आणि हे तिनेच केलं होतं, आज नोंगफायची जाहिरात करून आणि त्याआधी सव्वीस वर्षं रोज. तिला इतकं वाईट वाटलं की तिथेच बसकण मारावी, आणि दुसऱ्याच क्षणी इतकं हसू आलं की थांबेना.

तिने चीवर शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावजयीच्या हातात कोंबलं.

"इकडे!" ती ओरडली. पंचक्रोशीला माहीत असलेली ती आरोळी. "नागा, ए नागा, इकडे!"

जुक दचकला. "आई! तू शब्द दिला होतास."

"दिला होता. परत घेतला. तू टाक!"

"छत्री कुठंय तुझी?"

"घरी ठेवून आले, तुझ्यामुळं!" तिने खांद्यावरची रेशमी ओढणी सोडली आणि दोन्ही हातांनी पसरली. "टाक की! हात दुखतात का? एवढा बर्फ उचलतोस आणि नाणं उचलवेना?"

जुकचा ओठ सुटला. तो हसला, मग पोट धरून हसला, आणि मग त्याने असं उधळायला सुरुवात केली की नाणी मंडपाच्या पत्र्यावर वाजायला लागली. लामयाय पुढे पळाली, मागे पळाली, ओढणी डावीकडे, ओढणी उजवीकडे. गुडघ्यावर पडली, उठली. तिचं बघून भावजय चीवर कडेवर घेतल्यासारखं धरून ओरडायला लागली, ढोलवाल्यांनी ढोल टाकले आणि तेही उतरले, खुर्चीवरच्या सहा जणांतले चार उठले. काठीवाल्याने अननस तर उचललाच, वर एक कोळंबीही उचलली. आजी विचारत राहिली, "नाग कुठला?" आणि तिच्या मांडीवर नेमका एक गुलाब पडला. दाराशी मोठे भंतेजी चिवराचं टोक तोंडाला लावून हलत होते. ते हसत होते की खोकत होते ते कळत नव्हतं.

वाडग्यात शेवटचं नाणं राहिलं. जुकने मूठ वर नेली. मग खाली आणली, पायऱ्या उतरला आणि आईसमोर आला. घामाने त्याचं मुंडण केलेलं डोकं चमकत होतं.

"हे टाकत नाही," तो म्हणाला. "हे हातात घे."

सगळ्यांना तिचा नियम माहीत होता. लामयायला धाप लागली होती. तिने ओढणी एका हातात गोळा केली, दुसरा हात पुढे केला. जुकने नाणं तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं स्वतः मिटवली. भिक्खूला बाईला शिवता येत नाही; आता आत गेल्यावर पंधरा दिवस तो तिच्या हाताला हात लावू शकणार नव्हता. मग ती भावजयीकडे वळली, चीवर घेतलं, आणि ते त्याला देण्यासाठी त्याच्या मागोमाग आत गेली. तीन वेळा नमस्कार झाला, आणि ती वाकली की दर वेळी तिच्या ओढणीतली नाणी खुळखुळत होती.

दुपारी प्रयोंग धावतपळत आली. टोपी चेपलेली, एक चप्पल गायब, बगलेत भात शिजवायचं भांडं. तिच्या मागे नोंगफायहून परतणारी निम्मी पंचक्रोशी, हिरव्या कालवणाच्या वासाने ओढलेली.

"सोनं नाही लागलं," ती धापा टाकत म्हणाली. "पण हे बघ, भांडं! मासा माझ्या हातातून गेला गं, थोडक्यात गेला. तुझं कसं झालं? लोक आले का? तुझ्या मुठीत काय आहे ते?"

लामयायने मूठ उघडली. रिबीन घामाने भिजून सैल झाली होती.

"एकच?" प्रयोंग म्हणाली. "कुठं झेललंस?"

"झेललं नाही," लामयाय म्हणाली. "लेकानं दिलंय." तिने मूठ पुन्हा मिटली. "आणि विचारू नकोस, परत करणार नाहीये."